वाळू उपसल्यावर जमिनीचें काय?

घरें नि रस्ते बांधावयाचे म्हणजे वाळू व गोटे हवेतच. परंतु ते काढून नेल्यावर मागें राहिलेल्या खड्ड्याची काळजी कोणीं वाहावी? अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानानें १९७५ सालीं कायदा करून ती खाणवाल्यावरच टाकली. एक एकर वा त्याहून कमी जागेंतून १००० घनयार्डांहून कमी माल काढणारा यांतून सुटतो. त्यापुढें खाण लहान असली तरी, जमीन पुन्हां उपयोगी कशी करणार याची योजना स्थानिक अधिकाऱ्यांकडून आधींच मंजूर करून घ्यावी लागते.

या योजनेचा प्राण म्हणजे वरच्या थराची माती. (तिला टाकाऊ समजणारांस हें नवल वाटेल!) बीं रुजतें तें तिच्यांत, खालच्या गोट्यांत ओल टिकत नाहीं. म्हणून ती प्रथम खरवडून निराळी रचावी, ढिगावर गवत लावून तिची धूप थांबवावी आणि उपसा संपल्यावर पुन्हां पसरावी, असा दंडक आहे. भरावाचा उतारहि सामान्यतः दोन फूट आडवा तर एक फूट उभा, याहून ताठ ठेवतां येत नाहीं.

पण खाणवालाच दिवाळें काढून निघून गेला तर? त्यासाठीं दुरुस्तीच्या खर्चाइतकी आर्थिक हमी घेतात व दरसाल ती नव्यानें तपासतात. लहान धंदेवाल्यास हा बोजा जड वाटतो, आणि तें खोटें नाहीं. तथापि हमी नसल्यास तोच बोजा करदात्यांवर पडावयाचा. खड्ड्याचें तळें करण्यासहि मुभा आहे. मात्र तें योजनेंत आधीं नमूद असावें लागतें.