अपलोडचा वेग कुठे अडतो?

घरगुती फायबर जोडणीत चित्रपट क्षणात उतरतो, पण तेवढ्याच आकाराचा व्हिडिओ वर चढवताना रखडतो. याचे मूळ काचेच्या तारेत नसते. तार दोन्ही दिशांना प्रकाश सारख्याच सहजतेने नेते. एका तारेवर अनेक घरे सामावण्याची पद्धत आणि कंपनीने आखलेला प्लॅन, ही खरी कारणे.

पनवेलजवळ खारघरला लागून असलेल्या ओवे गावासारख्या वस्तीत, जिथे जुन्या गावठाणाशेजारी नव्या इमारती उभ्या राहतात, प्रत्येक घरासाठी कंपनीच्या केंद्रापासून स्वतंत्र तार ओढणे परवडत नाही. म्हणून केंद्रातून एक तार निघते आणि खांबावरच्या किंवा इमारतीतल्या पेटीतला स्प्लिटर तिचा प्रकाश सहसा ३२ किंवा ६४ घरांत वाटतो. स्प्लिटरला वीज लागत नाही. भारतात जीपॉन ही पद्धत सर्रास वापरली जाते. तिच्यात खाली येणाऱ्या माहितीसाठी १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश असतो आणि एकूण वेग सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट, वर जाणाऱ्या माहितीसाठी १३१० नॅनोमीटर आणि वेग निम्मा, सुमारे १.२५ गिगाबिट. ३२ घरांनी एकाच वेळी पूर्ण मागणी केली, तर अपलोडचा वाटा घरटी जेमतेम ३९ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) येतो.

खालच्या दिशेचे काम सोपे आहे. केंद्र सतत प्रक्षेपण करते आणि प्रत्येक घरातले यंत्र आपल्यापुरती माहिती उचलते. वरच्या दिशेला मात्र सगळ्या घरांचा प्रकाश एकाच तारेत शिरतो आणि दोन घरांतले लेझर एकदम पेटले तर दोघांचेही संदेश विस्कटतात. त्यामुळे केंद्र प्रत्येक घराला पाळी ठरवून देते. पाळी नसताना लेझर बंद ठेवावा लागतो. प्रकाशाला तारेतून एक किलोमीटर जायला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणून जवळचे आणि दूरचे घर यांचे अंतर मोजून पाळ्या जुळवल्या जातात. ज्या घराची मागणी जास्त त्याला जास्त वेळ, असे वाटपही क्षणाक्षणाला बदलत राहते. ही व्यवस्था अतिशय सुंदर आहे, पण नाजूकही. एखाद्या घरातला बिघडलेला लेझर सतत पेटत राहिला, तर त्या स्प्लिटरवरच्या सगळ्या घरांचे अपलोड कोलमडू शकते.

तरीही अपलोड ५ किंवा १० एमबीपीएसवर अडत असेल, तर दोष बहुधा पद्धतीचा नसून प्लॅनच्या मर्यादेचा असतो. ही मर्यादा कंपनी सॉफ्टवेअरमधून घालते. भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान अट २ एमबीपीएस केली, तीही फक्त डाउनलोडसाठी. अपलोडचा आकडा व्याख्येतच नाही. घरून काम, ऑनलाइन वर्ग आणि घरोघरचे सीसीटीव्ही यांच्या काळात ही उणीव गंभीर आहे. १ गिगाबाइटची फाइल १० एमबीपीएसने चढवायला सव्वातेरा मिनिटांहून अधिक लागतात, १०० एमबीपीएसने ८० सेकंद. जाहिरातीत दोन्ही आकडे सारख्याच ठळक अक्षरांत हवेत. दोन्ही वेग समान देणेही अशक्य नाही: जिओने ऑगस्ट २०२० मध्ये दोन्ही दिशांना समान वेगाचे प्लॅन जाहीर केले होते.

अपलोडची वाट पूर्ण भरली की डाउनलोडही मंदावते. उतरलेल्या तुकड्यांची पोचपावती वर जावी लागते आणि ती राउटरमधल्या रांगेत अडकते. फोटोंचा बॅकअप सुरू असताना व्हिडिओ कॉल तुटतो तोही या भरलेल्या रांगेमुळे. राउटरमध्ये अपलोडला प्लॅनपेक्षा किंचित कमी मर्यादा घातली, की ही रांग आटोक्यात ठेवता येते.

वाय-फायही फसवते. मोबाइलचा प्रक्षेपक राउटरपेक्षा दुबळा असल्याने भिंतीआडून अपलोड आधी घसरते. म्हणून वेग लॅन केबल जोडूनच मोजावा. अपलोड मंदावल्यावर तार वाकल्याचा संशय मात्र बऱ्याचदा चुकीचा ठरतो, कारण वाकलेल्या तारेतून लांब तरंग अधिक गळतात. म्हणजे १३१० पेक्षा १४९० ला, अर्थात डाउनलोडला, आधी झळ बसते.

जीपॉनच्या पुढची पद्धत, एक्सजीएस-पॉन, २०१६ मध्ये प्रमाणित झाली. तिच्यात दोन्ही दिशांना १० गिगाबिट वेग मिळतो. ती १५७७ आणि १२७० नॅनोमीटर वापरत असल्याने जुन्या जीपॉनसोबत त्याच तारेवर, त्याच स्प्लिटरमधून चालते. बदलावी लागतात ती केवळ दोन्ही टोकांची यंत्रे.