दोन पेग आणि एक गोळी

महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी कायद्याने अजूनही परवाना लागतो. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यात (आता त्याला महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात) 40-अ हे कलम आरोग्य परवान्याचं आहे. स्वतःचं आरोग्य राखण्यासाठी ज्याला विदेशी मद्याची गरज आहे, त्याला असा परवाना देता येतो. 1960 मध्ये गुजरात वेगळा झाला तेव्हा हा कायदा सोबत घेऊन गेला, आणि तिथे आजही डॉक्टरी शिफारशीवर आरोग्य परवाना मिळतो. ‘मी आपली औषधापुरती घेतो’ हे वाक्य आपण बैठकीतला विनोद समजतो, पण कायद्याने ते कधीच मनावर घेतलेलं आहे.

आता याच बैठकीत एक असा गडी आहे, ज्याच्या खिशात खरंच औषध आहे. नैराश्याची, चिंतेची किंवा मूड स्थिर ठेवणारी गोळी. थोडी घेतली तर हृदयाला बरी, असं त्याने वाचलंय. गोळीबरोबर थोडी चालते का, हे डॉक्टरांना विचारायला त्याला संकोच वाटतो, म्हणून तो मित्राला विचारतो. मित्र म्हणतो, ‘दोन पेगनी काय होतंय!’ या दोन पेगांनी शरीरात काय काय होतं, ते बघायला गेलं की थक्क व्हायला होतं.

आधी ‘हृदयाला बरी’ याचं काय झालं ते बघू. 1926 मध्ये, अमेरिकेत दारूबंदी चालू असताना, बाल्टिमोरच्या रेमंड पर्ल या शास्त्रज्ञाने आकडे मांडून दाखवलं की बेताने पिणारे लोक अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा कमी जगत नाहीत, किंबहुना थोडे जास्तच जगतात. 1991 मध्ये अमेरिकन टीव्हीवरच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ कार्यक्रमाने फ्रेंच लोकांची गोष्ट सांगितली: लोणी आणि चीज चापूनही त्यांना हृदयविकार कमी, आणि श्रेय बहुधा रेड वाइनला. अमेरिकेत रेड वाइनचा खप उसळला. पुढच्या वर्षी सर्ज रेनो आणि मिशेल द लॉर्जरिल यांचा याच विषयावरचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि ‘फ्रेंच पॅराडॉक्स’ आपल्याकडच्या रविवार पुरवण्यांपर्यंत पोचला.

यातली गोम 1988 मध्येच ब्रिटनच्या शेपर आणि सहकाऱ्यांनी हेरली होती. साडेसात हजारांवर मध्यमवयीन पुरुषांची माहिती चाळताना त्यांच्या लक्षात आलं की ‘न पिणाऱ्यां’च्या रांगेत आजारी पडल्यामुळे दारू सोडलेले बरेच जण उभे आहेत. आजाऱ्यांशेजारी उभं केलं तर बेताने पिणारा ठणठणीत दिसणारच.

मग ही रांग निवडायची कशी? 2019 मध्ये चीनमधल्या एका मोठ्या अभ्यासाने त्यावर फार सुंदर उपाय काढला. पोटात गेलेल्या दारूचं यकृतात आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं. ते विषारी असतं. ALDH2 नावाचं विकर त्याचा निकाल लावतं. पूर्व आशियात अनेकांना जन्मतःच या विकराचा लंगडा अवतार मिळतो. एका पेगात चेहरा लालबुंद, छातीत धडधड, मळमळ. असे लोक साहजिकच फार पीत नाहीत. पाच लाख चिनी लोकांच्या त्या पाहणीत दीड लाखांवर लोकांची जनुकं तपासली आणि त्यावरून त्यांची तुलना केली. जनुक जन्माच्या वेळी ठरतं, म्हणून इथे ‘आजारी पडलो, म्हणून सोडली’ ही भानगडच उरत नाही. निष्कर्ष असा निघाला की दारू जितकी जास्त तितका रक्तदाब आणि पक्षाघाताचा धोका जास्त. थोडी पिणाऱ्यांना कसलंही संरक्षण नाही. हृदयविकाराच्या झटक्यापासून बचाव होतो असंही दिसलं नाही. जानेवारी 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगून टाकलं की आरोग्याला निर्धोक अशी दारूची कोणतीही मात्रा नाही.

हे लंगडं विकर लक्षात ठेवा. मानसोपचाराच्या दवाखान्यात त्याची पुन्हा गाठ पडते. चाळीसच्या दशकात कोपनहेगनमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे दोघे जंतांवर एक रसायन तपासत होते. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे गोळ्या त्यांनी स्वतःही घेतल्या, आणि नंतर दारूचा घोट घेताच चेहरा तापला, छाती धडधडायला लागली. ते रसायन म्हणजे डायसल्फिराम. ते नेमकं तेच विकर बंद पाडतं. म्हणजे कोट्यवधी लोकांना जन्मतः मिळालेली गोष्ट या दोघांनी अपघाताने गोळीत बसवली. दारू सोडवण्यासाठी ती आपल्याकडेही सर्रास दिली जाते, आणि शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत तिचा असर राहू शकतो. काही घरांत ती नवऱ्याला न सांगता भाजीत मिसळतात. हेतू समजतो, पण असं कधीही करू नये. त्याला कल्पना नसते, तो नेहमीसारखा पितो, रक्तदाब कोसळतो आणि प्रसंग जिवावर बेततो. ज्यांना ही गोळी सांगून दिलेली असते त्यांनीही बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचावीत. काही खोकल्याच्या औषधांत अल्कोहोल असतं, आणि द्राक्षासव, अश्वगंधारिष्ट यांसारख्या आसव-अरिष्टांत तर ते मुरताना आपोआप तयार होतं.

पण बहुतेकांच्या खिशातली गोळी डायसल्फिराम नसते. झोपेची किंवा घबराटीची असते. तिची कथा न्यू जर्सीतल्या रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत सुरू होते. लिओ स्टर्नबाख यांनी तयार केलेला एक पदार्थ फळीवर पडून होता. 1957 मध्ये आवराआवर करताना तो सापडला आणि टाकण्याऐवजी तपासायला गेला. 1960 मध्ये तो ‘लिब्रियम’ या नावाने बाजारात आला, 1963 मध्ये त्याचं भावंड डायझेपाम आलं. आपल्याकडे एका पिढीने ते ‘काम्पोज’ या नावाने ओळखलं.

मेंदूतल्या पेशींवर पाच प्रथिनांच्या कड्याने बनलेलं एक दार असतं. गाबा नावाचं रसायन त्यावर बसलं की दार उघडतं, क्लोराइडचे कण आत शिरतात आणि पेशी शांत होते. काम्पोज, अल्प्राझोलाम या गोळ्या दाराच्या एका सांध्यात बसतात आणि गाबाच्या हाकेला ते जास्त वेळा उघडू लागतं. दारू त्याच दारावर दुसऱ्या ठिकाणी काम करते, आणि वर ग्लुटामेट या चेतवणाऱ्या रसायनाचा आवाजही दाबते. या गोळ्यांना स्वतःची एक मर्यादा असते. गाबाशिवाय त्या दार उघडू शकत नाहीत, त्यामुळे नुसत्या त्यांच्या जादा मात्रेने मृत्यू क्वचित होतो. दारू सोबत आली की ती मर्यादा मोडते. श्वास चालू ठेवणाऱ्या मेंदूच्या भागापर्यंत ही शांतता उतरते. ‘दोन पेगनी काय होतंय’ या प्रश्नाचं सगळ्यात गंभीर उत्तर हे आहे.

आणि आता याची दुसरी बाजू. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू इतक्या शांततेला सरावतो, आणि तिच्याविरुद्ध जोर लावून बसतो. दारू एकदम बंद झाली की तो जोर मोकाट सुटतो: हात थरथरतात, झटके येतात, भास होतात, आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर जीवही जातो. त्यावर व्यसनमुक्ती केंद्रात काय देतात? लिब्रियम! जी गोळी दारूबरोबर घ्यायची नाही, तीच दारू सुटताना जीव वाचवते, कारण दार तेच आहे. म्हणून रोज पिणाऱ्याने हा लेख वाचून आज रात्रीपासून दारू तोडू नये. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.

लिथियमचं प्रकरण मेंदूपेक्षा मूत्रपिंडात जास्त घडतं, आणि मला ते सगळ्यांत विलक्षण वाटतं. मेलबर्नच्या जॉन केड यांनी 1949 मध्ये उन्मादाच्या रुग्णांवर त्याचा गुण दाखवला. आधी गिनिपिगवर, मग स्वतःवर, मग रुग्णांवर असा त्यांचा क्रम होता. ज्याच्यावर पहिला प्रयोग झाला तो रुग्ण आधी चमत्कार वाटावा इतका सुधारला आणि 1950 मध्ये लिथियमच्या विषबाधेनेच गेला. औषध आणि विष यांच्यातली जागा इथे चिंचोळी आहे. रक्तात लिटरमागे साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोल एवढं लिथियम गुण देतं, आणि 1.5 च्या पुढे विषाची लक्षणं दिसू लागतात. त्यात लिथियम हे आवर्तसारणीत सोडियमच्याच घराण्यातलं, आणि मूत्रपिंडाला सुरुवातीच्या टप्प्यात या दोघांतला फरक फारसा कळत नाही. शरीर कोरडं पडलं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं, आणि त्याच्यासोबत लिथियमही. दारू लघवी रोखणाऱ्या संप्रेरकाला गप्प करते, म्हणून पिणारा सारखा उठतो. वर उलट्या झाल्या, किंवा मे महिन्यातली नागपूरची दुपार असली, तर गोळी एकही जास्त न घेता रक्तातलं लिथियम वाढू शकतं.

कधी कधी तर दोष अल्कोहोलचा नसतोच. 1963 मध्ये लंडनच्या बॅरी ब्लॅकवेल या तरुण डॉक्टरने नैराश्याच्या काही जुन्या गोळ्या आणि मुरलेलं चीज यांचं नातं उघड केलं. त्या गोळ्या आतड्यातलं एक विकर बंद करतात, मग आंबवलेल्या पदार्थांतलं टायरामिन थेट रक्तात जातं आणि रक्तदाब भडकतो. टाळायच्या पदार्थांच्या यादीत नळाची बिअर आली, काही वाइन्स आल्या. बिनअल्कोहोलची बिअरही सुटली नाही. (आपलं ताजं पनीर सुटलं.) या गोळ्या आता क्वचित देतात.

बाकीच्यांचं थोडक्यात. क्वेटियापिन, ओलान्झापिन, मिर्टाझापिन, अमिट्रिप्टिलिन यांची गुंगी दारूने वाढते, आणि काहींमुळे उठून उभं राहताना रक्तदाब उतरतो. रात्री बाथरूमला जाताना पडणाऱ्यांत वयस्कर माणसं जास्त. व्हॅल्प्रोएट आणि ड्युलोक्सेटिन घेणाऱ्याचं यकृत आधीच कामाला लागलेलं असतं.

सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम या आज सर्वाधिक दिल्या जाणाऱ्या गोळ्यांबद्दल मात्र प्रामाणिक राहायला हवं. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत त्यांनी दारूची झिंग फारशी वाढवल्याचं दिसलेलं नाही. तरीही सोबतच्या कागदावर दारू टाळा असं लिहिलेलं असतं. कारण दारू स्वतःच ती गोळी जे बांधते ते उसवते. रात्रीच्या पहिल्या प्रहरात ती स्वप्नांची झोप दाबते, उत्तररात्री झोप मोडते, आणि सकाळी जी धडधड उरते ती चिंतेसारखीच दिसते. गोळी लागू पडत नाही की दारू तिला पडू देत नाही, हे मग डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मात्रा वाढते, गोळी बदलते, महिने जातात.

‘थोडी’ म्हणजे किती, हेही एकदा मोजून बघा. आपल्याकडची व्हिस्की सहसा 42.8 टक्क्यांची. तिच्या 30 मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल असतं, आणि तेवढं निपटायला यकृताला तास-दीड तास लागतो. 180 मिलिलिटरची क्वार्टर म्हणजे असे सहा पेग. 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची 650 मिलिलिटरची बाटली म्हणजे चार. ‘मी फक्त एक बिअर घेतो’ म्हणणारा चार पेग पीत असतो, आणि त्याला ते खरंच ठाऊक नसतं.

शेवटी ती सगळ्यांत लाडकी युक्ती: ‘आज बैठक आहे, आज गोळी नको.’ रसायनशास्त्र या युक्तीला अजिबात दाद देत नाही. फ्लुओक्सेटिन निम्मं व्हायलाच चार ते सहा दिवस लागतात, आणि शरीरात त्यापासून बनणारा पदार्थ त्याहून जास्त रेंगाळतो. डायझेपामच्या उरलेल्या अंशाचंही तसंच. म्हणजे गोळी टाळली तरी ती रक्तात असतेच. उलट व्हेनलाफॅक्सिन, पॅरोक्सेटिन पटकन उतरतात. एक-दोन मात्रा चुकल्या की चक्कर, मळमळ, डोक्यात विजेसारखे झटके. मूड स्थिर ठेवणाऱ्या गोळ्यांत वारंवार खंड पडला तर आजारच परत येतो. म्हणून मनाने ना गोळी बंद करायची, ना मात्रा बदलायची.

माझं मत विचाराल तर आरोग्यासाठी म्हणून पिण्याला आज कुठलाही आधार उरलेला नाही, आणि या गोळ्या चालू असताना तर नाहीच. पण अनेक जण पितात, आणि लपवतात. तर एवढं तरी करा: पुढच्या भेटीत मानसोपचारतज्ज्ञांना ‘कधीतरी, थोडी’ असं सांगू नका. आठवड्यातून किती वेळा, कोणती, किती मिलिलिटर, ते सांगा, आणि सोबतची आसवं, खोकल्याची औषधंही सांगा. ते रागावले तरी चालेल. भेट लांब असेल तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.