नव्या शहरात डॉग ग्रूमिंगचं काम

नागपूरहून पुण्यात आलेल्या एका ग्रूमर मुलीने विचारलं, "दादा, काम कुठे शोधू?"

आधी प्राण्यांच्या डॉक्टरांना भेटा. कुत्र्याचे पालक ग्रूमरबद्दल त्यांनाच विचारतात. मोबाइलमध्ये आधीचे-नंतरचे फोटो हवेतच.

सलूनमध्ये ट्रायल घेतात. शिह त्झूच्या केसांतल्या गाठी न ओढता सोडवता आल्या, की निम्मं काम झालं. कात्री नंतर, आधी कुत्रा तुमच्या हाताखाली शांत राहतो का, हे मी बघतो.

हस्की, गोल्डन रिट्रीव्हर यांचे केस दुहेरी थरांचे असतात. पालकांनी उन्हाळ्यात "साफ भादरा" म्हटलं तरी नम्रपणे नकार द्या. तेच केस कुत्र्यांना उन्हापासून वाचवतात, आणि भादरल्यावर पूर्वीसारखे येतीलच असं नाही.

या कामात कुत्रा चावू शकतो, म्हणून रेबीजची प्रतिबंधक लस स्वतः आधीच घ्या.

काही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये लिहा.