'कशावरून?' : मुलांनी मुलांचा गृहपाठ घेताना

इंग्लंडच्या शाळांत इयर थ्री-फोरसाठी शंभरेक आणि इयर फाइव्ह-सिक्ससाठी आणखी शंभरेक शब्दांची यादी अभ्यासक्रमानेच ठरवून दिली आहे. इयर सिक्सच्या मे महिन्यातल्या परीक्षेत स्पेलिंगचे २० शब्द घालतात, आणि वाचनाच्या पेपरात तासाभरात तीन उतारे वाचून ५० गुणांची उत्तरे लिहायची असतात. भारतातून नुकत्याच आलेल्या मुलाला हे जड जाते. आई संध्याकाळच्या पाळीला, बाबा उशिरा घरी. मग गृहपाठ घेते ती मोठी ताई, नाहीतर शेजारचा दादा. मदत कशी करावी हे मात्र या ताई-दादांना कोणी सांगत नाही.

आधी स्पेलिंग. शाळेतली पद्धत सोपी आहे: शब्द पाहा, झाका, लिहा, ताडून पाहा. दोघे असले की झाकण्याचे काम प्रामाणिकपणे होते! चूक सापडली तर पूर्ण शब्द सांगू नये, 'शेवटची तीन अक्षरे बघ' एवढेच म्हणावे. मग पाळी बदलावी. लहानानेही मोठ्याला शब्द घालावेत.

'वेड-नेस-डे' असे मनात म्हणत आपण बहुतेक जण तो वार लिहायला शिकलो. ती युक्ती आजही चालते. 'आयलंड'साठी 'इस-लँड' म्हणावे. (त्यातला 'एस' मुळात नव्हताच, लॅटिन शब्दाशी नाते आहे अशा समजुतीने तो मागाहून घुसवला गेला. मुलांना हे ऐकून फार बरे वाटते.) फेब्रुवारीच्या बाबतीत तर मराठी मूलच पुढे असते. इथली पुष्कळ मुले बोलताना पहिला 'आर' गाळतात आणि लिहितानाही विसरतात. आपण 'ब्रु' स्पष्ट म्हणतो. उलट 'व्ही' आणि 'डब्ल्यू' आपल्याला दोन्ही 'व'च. तिथे इथे वाढलेल्या मित्राने ओठ दाखवावेत: 'व्ही'ला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, 'डब्ल्यू'ला ओठांचा चंबू होतो.

उताऱ्याचे काम वेगळे. इथे उत्तर सांगून टाकण्याचा मोह फार. समजा उताऱ्यात आहे, 'मीराने छत्री झटकून दाराबाहेर ठेवली.' प्रश्न: हवा कशी होती? पाऊस हा शब्द कुठेच नाही, म्हणून अडलेले मूल म्हणते, 'दिलंच नाहीये.' दादाने 'पाऊस लिही' म्हणू नये. 'छत्री का झटकली असेल?' एवढे विचारावे. उत्तर बरोबर आले तरी 'कशावरून?' म्हणून त्या शब्दावर बोट ठेवायला लावावे. जास्त गुणांच्या प्रश्नांत हा पुरावा लिहावाच लागतो.

हे बोलणे खुशाल मराठीत करावे, उत्तर तेवढे इंग्रजीत. मुलाला उताराच कळला नाही की एखादा इंग्रजी शब्द अडला, हे बऱ्याचदा मराठीत विचारल्यावरच उमगते. शाळेतल्या बाईंना हे करता येत नाही, ताईला येते.

दर शनिवारी ३ ते ५ मंदिराच्या सभागृहामागची खोली यासाठी उघडी असते. शिकवायला नव्हे, मुलांजवळ नुसते बसायला दोन मोठी माणसे हवी आहेत. निवृत्त आजी-आजोबा आल्यास उत्तम. त्यासाठी डीबीएस तपासणी लागेल, स्वयंसेवकांना तिचे सरकारी शुल्क पडत नाही. घरी पडून असलेले मुलांचे इंग्रजी शब्दकोश कार्यालयात आणून द्यावेत. इयर सिक्सच्या चार मुलांना अजून जोडीदार मिळालेला नाही. ज्यांची मुले सेकंडरीत आहेत त्यांनी आज घरी एकदा विचारून पाहावे.