कसबाचे मोजमाप

धान्य मापाने मोजता येते, कापड मीटरने मोजता येते, सोने काट्यावर तोलता येते. परंतु माणसाच्या अंगचे कसब कशाने मोजावे? सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर नावाचे गाव आहे. तेथील खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिक सामन्यांत कुस्तीचे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. ते ज्या गटात लढले, त्या गटातील मल्लांची वजने जवळजवळ सारखीच होती. तरीही कोणी पहिला आला, कोणी तिसरा, तर कोणी आरंभीच हरला. याचा अर्थ उघड आहे. काटा शरीराचे वजन सांगतो. डावपेचांचे वजन तो सांगू शकत नाही.

बुद्धिबळाच्या पटावर तर शरीराच्या वजनाचा प्रश्नच येत नाही. सांगली शहर या खेळासाठी फार प्रसिद्ध आहे. भाऊसाहेब पडसलगीकर यांनी तेथे नूतन बुद्धिबळ मंडळाच्या द्वारे मुलामुलींच्या अनेक पिढ्यांना या खेळाची गोडी लावली. भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटे या नामवंत खेळाडूंची नावे सांगलीशी जोडलेली आहेत. अशा गावच्या स्पर्धेत दहा वर्षांची मुलगी आणि साठ वर्षांचे आजोबा एकाच पटाशी समोरासमोर बसलेले दिसतात. त्यांच्यात सरस कोण? वय पाहून ते सांगता येत नाही आणि एका डावावरूनही ते ठरत नाही. कारण चांगला खेळाडूही एखादे वेळी चुकतो आणि नवशिक्यालाही एखादे वेळी अचूक खेळी सुचते.

हे कोडे सोडविण्याची रीत आर्पाद एलो यांनी शोधून काढली. एलो यांचा जन्म १९०३ साली हंगेरीत झाला व पुढे ते अमेरिकेत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांची पद्धत अमेरिकेतील बुद्धिबळ संघटनेने १९६० साली, तर 'फिडे' या जागतिक संघटनेने १९७० साली स्वीकारली. या पद्धतीत प्रत्येक खेळाडूला एक अंक मिळतो. त्याला मानांकन म्हणतात. विजयाचा एक गुण, बरोबरीचा अर्धा आणि पराभवाचा शून्य, असा हिशेब असतो. दोघांचे मानांकन समान असेल, तर प्रत्येकाने निम्मे गुण मिळवावेत अशी अपेक्षा असते. एकाचे मानांकन दुसऱ्याहून २०० ने अधिक असेल, तर शंभर डावांत त्याला सुमारे ७६ आणि दुसऱ्याला सुमारे २४ गुण मिळावेत, असे गणित सांगते. म्हणजे मानांकन हे विजयाचे वचन नव्हे. तो केवळ संभवाचा अंदाज होय.

हा अंदाज प्रत्येक डावानंतर सुधारला जातो. समजा, एका मुलीचे मानांकन १५०० आहे आणि तिच्या प्रतिस्पर्ध्याचे १७०० आहे. एका डावात तिच्याकडून ०.२४ गुणाची अपेक्षा आहे. ती जिंकली, तर तिला प्रत्यक्षात एक गुण मिळाला, अपेक्षेपेक्षा ०.७६ अधिक. हा फरक एका ठरावीक गुणकाने गुणतात. अठरा वर्षांखालील खेळाडूंचे मानांकन २३०० पेक्षा कमी असेल, तर हा गुणक ४० असतो. म्हणून तिचे मानांकन ३०.४ ने वाढेल. डाव बरोबरीत सुटला तरी ते १०.४ ने वाढेल. आणि ती हरली, तर केवळ ९.६ ने घटेल. बलवान प्रतिस्पर्ध्याशी झुंजण्यात गमवायचे थोडे आणि मिळवायचे पुष्कळ असते, हे या आकड्यांतून स्पष्ट दिसते. म्हणूनच पराभवाच्या भीतीने मोठ्या खेळाडूशी खेळण्याचे टाळणे हे शहाणपणाचे नाही.

मानांकनाच्या या चढावर काही टप्पे बांधलेले आहेत. २३०० मानांकन गाठणारा 'फिडे मास्टर' होतो. 'आंतरराष्ट्रीय मास्टर' होण्यासाठी २४००, तर 'ग्रँडमास्टर' होण्यासाठी २५०० मानांकन लागते. शिवाय ठरावीक दर्जाच्या स्पर्धांत उत्तम कामगिरी करून 'नॉर्म' मिळवावे लागतात. भारतातील पहिले ग्रँडमास्टर विश्वनाथन आनंद हे १९८८ साली झाले. क्वचित प्रसंगी एखादा थोर विजयच खेळाडूला थेट शिखरावर नेतो. नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी २०२५ साली जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्या विजयाबरोबरच त्यांना ग्रँडमास्टर किताब मिळाला. मानांकन चढते आणि उतरतेही. किताब मात्र आयुष्यभर टिकतो.

परंतु पायरी समान असली, म्हणजे कसबही एकाच जातीचे असते काय? याचे उत्तर पटावरील सोंगट्याच देतात. उंट आणि घोडा यांची किंमत साधारणपणे सारखी, म्हणजे प्रत्येकी तीन प्याद्यांएवढी, मानतात. तथापि उंट तिरका धावतो आणि जन्मभर एकाच रंगाच्या घरांवर राहतो. घोडा अडीच घरे उडी घेतो, मधल्या सोंगट्या ओलांडतो आणि प्रत्येक खेळीला घराचा रंग बदलतो. पट मोकळा असेल, तर बहुधा उंट प्रभावी ठरतो. प्याद्यांनी वाटा अडविल्या असतील, तर घोडा कामी येतो. खेळाडूंचेही असेच असते. कोणी डावाच्या आरंभात निष्णात असतो, कोणी हल्ल्यात, तर कोणी पटावर मोजक्या सोंगट्या उरल्या असता सावकाश विजय खेचून आणतो. दीर्घ, जलद आणि अतिजलद या तीन प्रकारच्या डावांसाठी फिडे तीन निराळी मानांकने ठेवते, ते याच कारणाने.

पायरी आणि वैशिष्ट्य या दोन कल्पनांवर एक निराळाच खेळ उभा राहिला आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' हे नाटक सादर केले, तेव्हापासून त्या नगरीला भूमिका घेण्याची कला परिचित आहे. पुढे १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात चारपाच जण मेजाभोवती बसून एकेक भूमिका घेतात. मात्र त्यांचे संवाद आधी लिहिलेले नसतात. कोणी योद्धा होतो, कोणी जादूगार, तर कोणी जखमा बऱ्या करणारा पुरोहित. अनुभव वाढला, की पात्राची पायरी चढते.

अशा खेळांत एखादे काम साधले की नाही, हे पुष्कळदा वीस बाजूंच्या फाशावर ठरते. समजा, कुलूप उघडण्यासाठी १५ अंक हवेत. ज्याचे त्या कामातील कसब ५ आहे, त्याला फाशावर १० किंवा अधिक पडले तरी पुरते. म्हणजे वीसपैकी ११ संधी त्याच्या बाजूच्या आहेत. ज्याचे कसब २ आहे, त्याला १३ किंवा अधिक हवेत. त्याच्या वाट्याला ८ संधी येतात. येथेही कसब यशाची हमी देत नाही. ते यशाचा संभव वाढविते. शिवाय कुलूप उघडणाऱ्याला जखम बांधता येईलच असे नाही. म्हणून त्या चमूत प्रत्येकाला दुसऱ्याची गरज भासते.

या दोन खेळांत एक भेद मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कल्पित वीराची पायरी एकदा चढली, की सहसा खाली येत नाही. पटावरील खेळाडूचे मानांकन मात्र आज चढते आणि उद्या उतरते. त्यामुळे एखाद्या स्पर्धेत मानांकन घसरले, की काही मुले हिरमुसतात आणि आपल्यात काही गुणच नाही असे समजतात. हा समज खरा नव्हे. तो अंक झालेल्या डावांचा हिशेब सांगतो. न झालेल्या डावांविषयी तो केवळ अंदाज करतो. दहा वर्षांची ती मुलगी उद्या पटाशी बसेल, तेव्हा तिचे मानांकन कागदावर असेल. खेळी मात्र तिच्या हातात असेल.