मायक्रोफोन, घरगुती ध्वनिमुद्रणाचा
घरी आवाज मुद्रित करण्यासाठी मायक्रोफोन आणि त्याचा क्षीण संकेत वाढविणारा पूर्वविवर्धक यांची निवड एकत्रच करावी लागते. बुटीबोरीसारख्या (जि. नागपूर) औद्योगिक गावी धारित्र म्हणजे कंडेन्सर मायक्रोफोन गोंगाट अधिक टिपतो, असे सांगितले जाते, ते अर्धसत्य होय. खरे महत्त्व अंतराला आहे : तोंडापासूनचे अंतर निम्मे केल्यास आवाज सु. ६ डेसिबेलने वाढतो, गोंगाट तेवढाच राहतो. चल वेटोळ्याचा म्हणजे डायनॅमिक मायक्रोफोन दणकट असतो. परंतु त्याला सु. ६० डेसिबेल विवर्धन लागते व तेथे स्वस्त पूर्वविवर्धकाची खरखर उघडी पडते. धारित्र प्रकाराचा संकेत प्रबळ असल्याने साधा पूर्वविवर्धकही पुरतो. मात्र त्याने बहुधा ४८ व्होल्ट विद्युत् दाब पुरविला पाहिजे. विदर्भातील उन्हाळ्यात कूलर बंद करणे अवघडच. तो एकदिश मायक्रोफोनच्या पाठीमागे, झोत चुकवून ठेवावा.