पाठ टेकल्यानंतर

कोल्हापूरच्या खासबागेत पैलवानाची पाठ मातीला लागली की कुस्ती संपली. हलगी घुमते, जिंकलेल्याला लोक खांद्यावर घेतात, हरलेला अंगावरची माती झटकत बाहेर पडतो. हा निवाडा आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की निवडणुकीत पडलेल्यालाही आपण 'चीतपट झाला' म्हणतो. त्यामुळे मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमए, पाहताना मराठी माणूस पहिल्यांदा इथंच अडखळतो. इथं पाठ टेकल्यावर लढत संपत नाही. मी तर म्हणेन, या खेळाच्या इतिहासातले सर्वांत मोलाचे क्षण पाठीवर पडलेल्या माणसांनीच दिले आहेत. नॉकआउट डोळे दिपवतात; पण मन गुंततं ते खालच्या माणसात.

पाठीवरून लढायची ही विद्या जपानची, वाढली ब्राझीलमध्ये. मित्सुयो माएदा हा ज्युदोपटू तिकडे स्थायिक झाला, कार्लोस ग्रेसी त्याच्याकडे शिकला. कार्लोसचा धाकटा भाऊ एलिओ अंगानं किरकोळ. वजनदार माणूस वर येणारच, हे गृहीत धरून त्यानं खालून लढायचे डाव घोटले. २३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये त्याची गाठ जपानी ज्युदोपटू मासाहिको किमुराशी पडली. किमुरानं त्याचा हात मनगटाशी धरून पाठीमागे पिरगळला. एलिओ हार कबूल करेना. अखेर कार्लोसनंच लढत थांबवली. पुढे ब्राझीलच्या लोकांनी त्या डावाला 'किमुरा' हेच नाव दिलं. हरवणाऱ्याचं नाव आपल्या तालमीत रोज घ्यायचं, यातला दिलदारपणा मला फार भावतो.

हाच पेच २५ वर्षांनी कराचीत पडला. जपानी कुस्तीगीर अंतोनियो इनोकी १९७६च्या जूनमध्ये टोकियोत मुहम्मद अलीशी १५ फेऱ्या लढला होता, बहुतेक वेळ जमिनीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत. लढत बरोबरीत सुटली, प्रेक्षक चिडले. १२ डिसेंबरला तोच इनोकी कराचीत अक्रम पहिलवानासमोर उभा राहिला. अक्रम म्हणजे इमामबक्षचा मुलगा, थोरल्या गामाचा पुतण्या. इनोकीनं त्याचा हात त्याच पद्धतीनं अडकवला. अक्रमनं हार मानली नाही आणि हात निकामी झाला. याला हट्ट म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. जिथं निकाल पाठीवर ठरतो, त्या कुस्तीत 'सोड' म्हणण्याची वेळ सहसा येतच नाही. गामाच्या घरात वाढलेल्या मल्लाला ती खूण कुणी शिकवायची?

१२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेत डेन्व्हरला अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिपची, म्हणजे यूएफसीची, पहिली स्पर्धा झाली. आठ लढवय्ये, वजनगट नाहीत. एलिओचा मुलगा रॉइस, जेमतेम ८० किलोचा, पांढऱ्या ज्युदोच्या पोशाखात आला आणि एका रात्रीत तिघांना शरण आणून ५० हजार डॉलर घेऊन गेला. पण त्याची खरी कसोटी लागली १६ डिसेंबर १९९४ला, टल्सा शहरात. समोर डॅन सेव्हर्न, कसलेला कुस्तीगीर, वजन सुमारे ११८ किलो. पंधरा मिनिटं रॉइस त्याच्याखाली दबलेला. आपला कुठलाही पंच ती लढत केव्हाच निकाली काढून मोकळा झाला असता. रॉइस वाट पाहत होता. हळूच त्याचे पाय वर सरकले, सेव्हर्नची मान आणि एक हात मांड्यांच्या पेचात सापडला, आणि १५ मिनिटं ४९ सेकंदांनी सेव्हर्ननं थाप मारून हार कबूल केली. लढत इतकी लांबली होती, की पैसे मोजून घरी बघणाऱ्या अनेकांचं प्रक्षेपण शेवटाआधीच बंद पडलं. पुढच्या स्पर्धेपासून वेळेची मर्यादा आली.

नंतर सिनेटर जॉन मॅक्केननी या खेळाला माणसांची कोंबडझुंज ठरवलं, अनेक राज्यांनी बंदी घातली, आणि एकसमान नियम आले: वजनगट, पाच मिनिटांच्या फेऱ्या, गुण देणारे पंच. खेळ त्यामुळेच वाचला. पण खालच्या माणसाचं घड्याळ या नियमांनी हिरावून घेतलं. वर असलेल्याच्या पदरात गुण पडत राहतात. पंधरा मिनिटं वाट पाहायला आता कुणाला परवडेल?

म्हणून ७ ऑगस्ट २०१०ची ओकलंडची लढत मला अमोल वाटते. चेल सॉनेननं चार फेऱ्या अँडरसन सिल्व्हाला खाली दाबून बडवलं होतं. पाचवी संपायला दोन मिनिटंही उरली नव्हती, तेव्हा पाठीवर पडलेल्या सिल्व्हाचे पाय सॉनेनच्या मानेभोवती वळले. सॉनेनला थाप मारावी लागली.

आणि शेवटी खबीब नुरमागोमेदोव. दागेस्तानचा हा मल्ल आयुष्यभर वरून लढला, प्रतिस्पर्ध्यांना पिंजऱ्याच्या जाळीशी दाबून दमवत. २०२०च्या जुलैत त्याचे वडील आणि वस्ताद अब्दुलमनाप गेले. ऑक्टोबरमध्ये अबुधाबीत जस्टिन गेथीशी लढत होती. गेथीचा हात धरून ताणण्याची संधी खबीबला होती. पण हा माणूस हार कबूल करणार नाही, हात मोडून घेईल, आणि त्याचे आईवडील ते पाहत बसलेत, हे खबीबच्या मनात होतं, असं त्याचा जवळचा सहकारी डॅनियल कॉर्मियरनं नंतर सांगितलं. खबीबनं हात सोडला, गेथीची मान मांड्यांच्या पेचात घेतली आणि स्वतः पाठीवर लोळला. काही क्षणांत गेथी शुद्ध हरपून शांत झाला, हात शाबूत. खबीब मधोमध गुडघ्यांवर बसून रडला, हातमोजे काढून तिथंच ठेवले आणि २९ लढतींत एकदाही न हरता बाहेर पडला.